बाबांना रोम दाखवायला गेलो होतो

मंडळी, आत्ताच शिकागोहून नेपरव्हिलला घरी परतलोय. मन जड झालंय.

माझे बाबा नागपूरला शाळेत इतिहास शिकवायचे. रोम बघायची त्यांची फार जुनी इच्छा. पण काचबिंदूमुळे त्यांची नजर झपाट्याने चालली आहे, आणि व्हिसाचं काम अडकल्यामुळे मला अमेरिकेबाहेर पडता येत नाही. म्हणून तिकिटावर डिस्काउंट असलेला दिवस शोधून त्यांना इथल्याच, शिकागोच्या म्युझियममध्ये रोमन मूर्ती बघायला नेलं.

एका संगमरवरी चेहऱ्यासमोर बाबा बराच वेळ उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "मला नुसतं पांढरं दिसतंय रे. कसा आहे, तू सांग."

"म्हातारा आहे, बाबा. नाक तुटलंय."

"आणि चेहऱ्यावर भाव काय आहेत?"

भाव नीट कळेनात म्हणून मी अजून जवळ जाऊन बघायला लागलो.

बाबांनी हात पुढे केला. गार्ड लगेच आला, "सर, प्लीज डोन्ट टच." त्याचंही काही चुकलं नाही. बाबा त्यालाच सॉरी म्हणाले आणि त्यांनी हात खिशात घातला.

नजर गेलेल्यांना अशा मूर्तींना हात लावू देणारं म्युझियम कुणाला माहीत आहे का? कितीही लांब असलं तरी ड्राइव्ह करीन. फक्त लवकर सांगा.