फोनवरचं नाव आणि जिममधला कोपरा

जून महिन्यात व्हर्ला ट्याडेन यांच्या स्वयंपाकघरातला फोन वाजला तेव्हा त्या वाटाणे सोलत होत्या. पलीकडून जनमत चाचणीवाली मुलगी बोलत होती. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी आज मत द्यायचं झालं तर कोणाला द्याल, असं तिने विचारलं. कॉकसची, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी गावोगावी भरणारी सभा जानेवारीत होती आणि व्हर्लांनी त्याबद्दल काहीच ठरवलं नव्हतं. पण 'माहीत नाही' म्हणणं त्यांना तुसडेपणाचं वाटलं. शिवाय आदल्याच आठवड्यात उमेदवारीसाठी उतरलेला एका दूरच्या राज्याचा गव्हर्नर चर्चच्या जेवणाला येऊन त्यांच्या हातचे हॅमचे गोळे दोनदा मागून खाऊन गेला होता. त्यांनी त्याचं नाव सांगितलं.

आमच्या ऑल्डन ग्रोव्हमध्ये ज्यांना फोन आला त्यातल्या बहुतेकांनी हेच केलं. आपल्याकडे जेवून गेलेल्या पाहुण्याला आमच्या आयोवा राज्यात कोणी नावं ठेवत नाही. चाचणी जाहीर झाली तेव्हा गव्हर्नर इतरांच्या कितीतरी पुढे होता. व्हर्लांचे पती हार्लन यांनी पेपर घडी करून ठेवला आणि ते म्हणाले, आपल्या घरातून शब्द गेलाय, आता तो पाळायचा.

व्हर्लांनी शाळेच्या स्वयंपाकघरात दोन पिढ्यांना जेवू घातलं. पुढारीपण मात्र कधी केलं नव्हतं. ऑक्टोबरात त्याच उमेदवारीसाठी उतरलेल्या सिनेटर मॅरियन हॅल्व्हर्सन गावच्या वाचनालयात आल्या. चाचणीत त्यांना दोन टक्के होते, त्यामुळे खुर्च्या रिकाम्याच होत्या. व्हर्लांनी तालुक्याच्या रुग्णालयाचा प्रसूती विभाग बंद झाल्याबद्दल विचारलं. त्यामुळे व्हर्लांची नात रस्त्याच्या कडेला, गाडीत जन्मली होती. सिनेटरबाई म्हणाल्या, माझ्याकडे आज उत्तर नाही. काही आठवड्यांनी त्यांनी स्वतः फोन करून उत्तर दिलं, आणि मग विचारलं, सभेत माझा कोपरा सांभाळाल का? व्हर्ला हो म्हणाल्या. या गावातून पुढच्या अधिवेशनात तुमच्या बाजूने मत देणारा एक प्रतिनिधी मिळवून देईन, असंही म्हणाल्या.

जानेवारीत शाळेच्या जिममध्ये माणसं कोट न काढताच आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभी राहिली. ज्या कोपऱ्यात पंधरा टक्क्यांहून कमी माणसं, तो मोडतो. त्या संध्याकाळी बारा जण लागत होते. व्हर्लांकडे, त्यांना धरून, दहा होते. गव्हर्नरचा कोपरा बास्केटबॉलच्या खांबापर्यंत पसरला होता आणि हार्लन त्यात होते.

त्या कोपऱ्याचे म्होरके, बियाणं विकणारे रॉइस मीन्ट्स, कुकीजचा डबा घेऊन आले. "व्हर्ला, थंडीत कशाला उभी राहतेस? नवरा तिकडे, बिस्किटं तिकडे."

"बिस्किटं तुझ्या बायकोने केलीत ना?" व्हर्ला म्हणाल्या. "मग नकोच."

एवढ्यात न्हावीकाम सोडलेल्या डेल्मार आयलर्स यांचा चौघांचा कोपरा मोडला. त्यांना आता दुसरीकडे जावं लागणार होतं. दोन्ही बाजूंनी हाका सुरू झाल्या. व्हर्लांनी हाक मारली नाही. त्या चालत गेल्या आणि प्रसूती विभागाची गोष्ट सांगितली, नातीची आणि नंतर आलेल्या फोनची.

डेल्मारनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उन्हाळ्यात तू गव्हर्नरचं नाव दिलंस ना? हार्लनच सांगत होता."

"दिलं."

"मग?"

"फोनवर मत विचारलं होतं, मी आवडलेला माणूस सांगितला. जेवायला आलेला माणूस आवडतोच, डेल्मार. कोणाबरोबर उभी राहशील, हे कोणी विचारलंच नाही. ते मी आज सांगतेय, सगळ्यांसमोर."

"मीही त्याचंच नाव सांगितलं होतं," डेल्मार म्हणाले. "गोळे मीपण खाल्ले होते."

ते व्हर्लांकडे आले. त्यांची बायको मान हलवत गव्हर्नरकडे गेली, तिच्यामागे त्यांचा शेजारी. अकरा झाले. उरल्या निवृत्त शिक्षिका अर्मा अबास. त्यांनी चष्मा पुसला, जिमकडे एकदा नजर टाकली आणि वाटेत कोणाशी न बोलता व्हर्लांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

अध्यक्षांनी मोजलं, बारा. रॉइसनी पुन्हा मोजायला लावलं, तेव्हाही बाराच. एक प्रतिनिधी हॅल्व्हर्सनबाईंना गेला.

आमच्या गावात त्या रात्री गव्हर्नरच जिंकला. राज्यात मात्र तो तिसरा आला. जूनमध्ये त्याच्यासाठी आकडे रंगवणाऱ्यांनी मग, वारं फिरलं, असं लिहिलं. ऑल्डन ग्रोव्हमध्ये काही फिरलं नव्हतं. जूनमध्ये इथे कोणी ठरवलंच नव्हतं.

खुर्च्या उचलताना रॉइस हार्लनना म्हणाले, "तुझ्या बायकोने आपला एक प्रतिनिधी नेला की."

हार्लन शेवटपर्यंत आपल्या कोपऱ्यातून हलले नव्हते. "हो," ते म्हणाले, आणि पलीकडच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाले, "तिनेच नेला."