क्लॉडिकेशन मोजणारा पोस्टमन

तीस वर्षं पायाला भिंगरी लावून टपाल वाटणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी चिठ्ठीवर एक इंग्रजी शब्द लिहून दिला. पोस्टात त्याला सगळे 'घड्याळ' म्हणत, कारण तो दारात दिसला की सव्वाअकरा झाले असं लोक धरून चालत. त्याची लेक शाळेत इंग्रजी शिकवायची. तिने शब्दकोश उघडला आणि वर्गात करतात तशी टेबलावर बोट आपटत शब्दाची फोड केली. क्लॉ-डि-के-शन.

"चार तुकडे, बाबा. जोर तिसऱ्यावर."

"जोर राहू दे. अर्थ सांग."

"दोन दिलेत. एक, लंगडणं. दुसरा, पायाला रक्त कमी पडून चालताना पोटरी दुखणं. उभं राहिलं की थांबतं."

"पहिला खोड. मी लंगडत नाही."

डॉक्टरांचं सांगणं सोपं होतं. रोज दुखेपर्यंत चालायचं, मग थांबायचं, पुन्हा चालायचं. दुखणं किती पावलांवर सुरू होतं ते लिहायचं आणि आकडा घसरला तर उठून यायचं. मोजायची युक्ती लेकीने काढली. पावलागणिक एक तुकडा, म्हणजे चार पावलांत एक शब्द. पहिल्या दिवशी पन्नास शब्दांवर पोटरी आवळली.

निवृत्तीला सात महिने उरले होते. रस्त्यात पाय धरून उभा राहिलेला पोस्टमन कुणी पाहिला, की साहेब त्याला उचलून तिकिटांच्या खिडकीत बसवणार, हे त्याला ठाऊक होतं. आणि खिडकीत बसायचं म्हणजे त्याच्या अंगावर काटा यायचा. म्हणून सकाळी टपाल घरांच्या क्रमाने लावताना त्याने क्रमच बदलला. पोटरी बोलायच्या आत एखादं बोलकं दार यायला हवं. कुठे शिवणकाम करणाऱ्या बाई, कुठे निवृत्त हेडमास्तर, ज्यांना पत्राबरोबर पोस्टमनही वाचायचा असे. गप्पा मारायच्या, पुढे निघायचं. दिवसभर चालतोच आहे, मग डॉक्टरांचं ते मोजून चालणं संध्याकाळी आणखी वेगळं कशाला?

रविवारी लेक वही घेऊन बसायची. "या आठवड्यात दुखलं?"

"नाही गं."

ती 'दुखलं नाही' असं लिहायची आणि खूश व्हायची. तो खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत. बोलकी दारं हळूहळू जवळजवळ येत चालली होती. आधी हेडमास्तरांकडेच थांबायचा, मग त्यांच्या अलीकडच्या घरीही थांबू लागला. अंगठ्याला जखम झाली, ती बूट चावल्याची म्हणून त्याने कानाडोळा केला. असे तीन महिने गेले.

तपासणीच्या दिवशी रस्ता खणलेला होता, म्हणून रिक्षावाल्याने दोघांना कोपऱ्यावरच उतरवलं. पुढे दवाखान्याची लांबलचक भिंत होती. एकही दार नाही, ओळखीचं माणूस नाही, थांबायला काही निमित्त नाही. तो मनात मोजत निघाला. अकराव्या शब्दावर पाय जागीच अडला आणि त्याने भिंतीला हात टेकला.

"किती झाले?" लेकीने विचारलं.

"अकरा."

तिने त्याची पिशवी स्वतःकडे घेतली.

आत डॉक्टरांनी पावलावर नाडी शोधली. बोट इकडे ठेवलं, तिकडे ठेवलं, पुन्हा पहिल्या जागी आणलं. काळसर अंगठा बघितला. मग वही उघडून पानं चाळली.

"तीन महिने दुखलंच नाही?"

"दुखायच्या आतच थांबायचो, साहेब," तो म्हणाला. "धंद्याची सवय. दारं भरपूर असतात."

डॉक्टर रागावले नाहीत. ते रागावते तर त्याला बरं वाटलं असतं. उद्याच भरती व्हायचं, पायातली रक्ताची नळी उघडते का बघू, असं ते म्हणाले. अंगठा वाचेलच असं मात्र सांगता येत नाही, पाऊलही.

"अक्षर कुणाचं आहे?" त्यांनी वही मिटताना सहज विचारलं.

"माझं," लेक म्हणाली आणि रडू लागली. तेव्हा कुठे तो घाबरला. तिची काही चूक नाही हे त्याला ठाऊक होतं; तो तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला.