बावन्न जणांची वयं

अमडापूरच्या समताला पुण्याच्या प्रयोगशाळेत सगळे "आमची गाववाली" म्हणायचे. कौतुकानंच म्हणायचे, पण हिला मेलं ते टोचायचं. वय वाढतं तसे पेशींना ताकद पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियात बिघाड साचत जातात. त्यानंच हृदय थकतं का, हे त्यांची टीम शोधत होती. खेड्यातल्या म्हाताऱ्यांचं रक्त हवं होतं. प्रमुख सुचिता मॅडम म्हणाल्या, "समता, तुझ्याच गावात जाऊ."

गावात बावन्न जणांनी हात पुढे केले. पहिला हात शेजारच्या कोकिळाकाकूंचा. आई शेतात गेली की समताला जेवू घालणारी बाई ती! आणि ही शहाणी मॅडमसमोर तिलाच विचारते कशी, "काकू, आपलं वय किती?" काकूंनी गपचूप आधार कार्ड काढून दिलं. अडुसष्ट. मग सगळ्यांनीच कार्डं काढली.

वर्षभरानं निकाल आला आणि टीम नाचायचीच बाकी राहिली. अमडापूरकरांत वयाच्या मानानं बिघाड फारच कमी! लेख लिहून झाला, त्यावर समताचंही नाव चढलं. सोमवारी तो पाठवायचा होता. शनिवारी ही पेढे घेऊन गावी, थेट काकूंच्या घरी.

अडुसष्टाव्या वर्षीही तुमच्या पेशी तरुण, हे ऐकून काकू हसायलाच लागल्या. "अडुसष्ट? अवं, तुह्या मायपक्षा मी दोनच वर्सानं मोठी. म्हातारपणाचा पगार चालू व्हावा म्हून वय वाढवलं व्हतं. अर्ध्या गावानं वाढवलं."

आई तर तेव्हा छप्पन्नची! म्हणजे निकाल कसला नि काय, माणसंच दहा वर्षांनी तरुण होती.

"मंग तवा मले काऊन नाही सांगितलं, काकू?"

"तू पुण्यावाल्यावानी इचारलं. मले वाटलं, सरकारी काम हाये."

स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटलं तिला. गप्प बसली असती तर कुणाला कळणारही नव्हतं. पण तिनं तिथंच बसून मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"अगं, तू तिथलीच ना?" मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर तुला नेलं होतं. त्यांच्या बोलीत दोन शब्द विचारायला काय झालं होतं?"

"लाज वाटली, मॅडम," समता रडत म्हणाली. "तुमच्यासमोर यांच्यासारखं बोलायची."

काकू समोरच बसल्या होत्या. गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"बोल तू निवांत," त्या म्हणाल्या. "मी जातो आत."