फ्रेमच्या बाहेरची शालूअक्का

शालूअक्का मयताच्या घरी भेटायला गेली की लोक हसायचे.

ती काही करायची नाही. नुसती दारात उभी राहायची.

पण जन्मभर कन्नड सिनेमात भांडकुदळ घरमालकीण, चहाडखोर शेजारीण आणि लग्नात रुसणारी आत्या केल्यावर दुसरं काय होणार?

चिकपेटच्या बाजारातल्या मराठी साडीवाल्याची मुलगी, आमची शेजारीण. घरी मराठी, सेटवर कन्नड, भांडताना दोन्ही.

सिनेमात कुणी मेलं की डायरेक्टर तिला फ्रेमच्या बाहेर बसवायचे. "अक्का, तुम्ही दिसलात की थिएटर हसतं."

त्याचं तिला काही नव्हतं. पोटाचा धंदा, म्हणायची.

खऱ्या आयुष्यात मात्र फार लागायचं. जिवलग मैत्रिणीचा नवरा गेला तेव्हा ही भेटायला गेली, तर मागे बसलेल्या पोरी तोंडाला ओढणी लावून खिदळल्या.

त्या दिवसापासून तिने भेटायला जाणंच सोडलं. लोक म्हणाले, सिनेमावाली ना, डोक्यात हवा गेली.

मग माझे बाबा गेले.

आई रडेना, बोलेना, जेवेना. आम्ही घाबरलो. मी अक्काचं दार वाजवलं.

"नको गं. मी आले की काय होतं, ठाऊक आहे ना तुला?"

"होऊ दे. तू ये."

ती आली. बायकांनी माना खाली घातल्या.

आई तिच्याकडे बघून हसली. चांगली खळखळून.

अक्काचा चेहरा उतरला. ती मागे फिरणार, तोच आईचं हसता हसता रडणं सुरू झालं.

"स्वल्प सरक गं," म्हणत अक्का तिच्याजवळ बसली. दोघी खूप रडल्या.

अक्काला रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. काय सांगू, एकाही डायरेक्टरने ते पाहिलं नाही याचा मला अजून राग येतो.

नंतर ती सगळीकडे जायला लागली. महादेवपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये पुण्याहून येऊन राहिलेल्या आयटीवाल्यांकडेसुद्धा. त्यांनी तिचा एकही सिनेमा पाहिलेला नसायचा. तिथे कुणी हसलं नाही की घरी येऊन जरा खट्टू व्हायची.

काल सकाळी अक्का गेली.

आज तिच्या हॉलमध्ये आम्ही सगळे बसलो होतो. कुणीतरी न्यूज लावली, तर तिचाच भांडणाचा सीन सुरू. तिचा मुलगा घाईने रिमोट शोधायला उठला.

आई म्हणाली, "राहू दे रे. भेटायला आलीये ती."

सावकाश जा, अक्का.