वाजवून घेतलेला पाइप

सोनपेठच्या बाजारात मडकं वाजवून घ्यायचं, हे मला ताईनं शिकवलं. चांगलं मडकं ठणठण वाजतं, टिचलेलं बद्द. पुढं जिंतूर रोडला वेल्डिंगचं दुकान टाकलं तरी माझी खोड तीच. लोखंड घ्यायचं म्हणलं की आधी हातोडीचा टोला.

ताईचे मालक, आमचे दाजी, रिफायनरीत भट्टीवर होते. निवृत्त झाले आणि तिथल्या भंगारातले जाडजूड पाइप घेऊन आले. कुठं गंज न्हाई, बाक न्हाई. मी एकावर टोला हाणला, तर देवळातल्या घंटेगत वाजला. दाजी म्हणाले, डोळे झाकून घे. घेतले. घरच्या माणसाला काय खोदून विचारायचं?

त्या पाइपांची मी बोअरमधली मोटार वर काढायची तिपाई केली. उन्हाळाभर लय झकास चालली. मग पौषातल्या एका गारठलेल्या सकाळी, मोटार वर येता येता, तिपाईचा एक पाय खडूगत तुटला. वाकलासुद्धा न्हाई. सगळा भार माझ्या डाव्या पायावर आला आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दवाखान्यात दाजींनी मला शाळा शिकवावी तसं समजावलं. वर्षानुवर्षं तापत राहिलेलं पोलाद आतून बदलतं. गरम असलं की भार सोसतं, गार पडलं की काचेगत तुटतं. वरून दिसत न्हाई, आवाजातही कळत न्हाई. म्हणून तिकडं असल्या जुन्या सामानाला आधी तापवतात, मगच दाब देतात. हे पाइप त्याचसाठी काढून टाकले होते म्हणे.

मग मला का न्हाई सांगितलं, विचारलं. तर म्हणाले, तू एवढ्या अवजड कामाला लावशील असं वाटलं न्हाई. थापा! तिपाईचं माप घेताना टेपाचं दुसरं टोक त्यांच्याच हातात होतं. मला त्यांची शिसारी आली.

तरी म्हणलं, दाजी काय, परक्या घरचे. ते गेल्यावर डबा उघडत बसलेल्या ताईला विचारलं, तुला ठाऊक होतं का?

"तू माल कसा पारखतो, ते त्यांनी आधीच इचारलं होतं," ती म्हणाली. "मी सांगितलं, वाजवून. ते हसले, तवाच उमगलं मला. पर मी गप बसले."

मी डब्याचं झाकण लावलं आणि डबा तिच्या हातात परत दिला.