आईचा रंग, नंबर सातशे बेचाळीस

उजेडबाई,

माझ्यावर काही लिहू नकोस, असं तू मला तीनदा बजावलंस. तिसऱ्यांदा बजावताना चष्मा पुसून, पदर सावरून नीट टेकून बसलीस, तेव्हाच मी काय ते ओळखलं. कॉलेजात एका बाकावर बसत होतो तेव्हापासून तुझं ‘नको’ मला कळतं. तेव्हा मी लिहिणार. चुका काढायच्या तर खुशाल काढ, पण शेवटपर्यंत वाचून मग. आणि आता गप्प बस. तुला सगळं ठाऊकच आहे, मला बाकीच्यांना सांगायचंय.

तर उजेडबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला वडील आजारी पडले आणि ती दोरे, बटणं, लेस विकणाऱ्या एका दुकानात ‘दोन महिन्यांपुरती’ उभी राहिली. त्या दोन महिन्यांची चौतीस वर्षं झाली. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा घेऊन यायचं आणि म्हणायचं, यावर जाईल असा दोरा द्या. इतर विक्रेते दिव्याखालीच रीळ काढून हातात ठेवत. ही मात्र तुकडा उचलायची, दोन-तीन रिळं उचलायची, काउंटरची फळी वर करायची आणि तडक दाराशी. “दिव्याखाली सगळे रंग खोटं बोलतात. उजेडात बघा,” हे तिचं ठरलेलं वाक्य. मागे दहा माणसं खोळंबली तरी हिचं आपलं उजेडात बघा. नाव पडायला आणखी काय लागतं?

दुकानात एक शेड कार्ड होतं. पुठ्ठ्याच्या घडीवर दोऱ्याचे बोटभर तुकडे ओळीने चिकटवलेले, प्रत्येकाखाली नंबर. ते हिला तोंडपाठ. एका दुपारी आई डबा द्यायला आली. गिऱ्हाईक नव्हतं. हिने आईचं मनगट धरून तिला दाराशी नेलं, हातावर एकेक दोरा लावून पाहिला आणि जाहीर केलं, “सातशे बेचाळीस.”

“मी काय रीळ आहे का, नंबर लावायला?” आई म्हणाली. पण घरी गेल्यावर ती गोष्ट तिनेच सगळ्यांना सांगितली, आणि पुढे कित्येक वर्षं ती स्वयंपाकघरातून हाक मारायची, “अगं, सातशे बेचाळीसला जरा पाणी दे.”

सातशे बेचाळीस म्हणजे सावळा. नुसता सावळा नव्हे. त्यात तांब्याची एक धग होती. धाकटी, म्हणजे आपली उजेडबाई, आईवर गेली. थोरली ताई वडिलांवर गेली, गोरीपान. पाहुण्यारावळ्यांनी यावर जे काय बोलायचं ते दोघींच्या लहानपणी तोंडावरच बोलून घेतलं. आईने त्यातलं एकही वाक्य उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही.

आई ब्याण्णवाव्या वर्षी गेली. त्याआधी दोन महिने उजेडबाईने फोनवर तिचा एक फोटो काढला होता. खिडकीशी बसलेली, स्वतः विणलेला तपकिरी-जांभळा स्वेटर घातलेला, तोंड किंचित उघडं, आता काहीतरी सुनावणार अशी. तोच मोठा करून भिंतीवर लावायचं ठरलं. फोटो लॅबवाल्याने एका दिवसात करून दिला. उजेडबाईने पाकीट उघडलं आणि म्हणाली, “हे कोण?”

आई गुलाबी झाली होती. गालावरच्या सुरकुत्या कुणी ओल्या फडक्याने पुसल्यासारख्या.

“मावशी, मशीन आपोआप करतं,” लॅबवाला म्हणाला. “सगळ्यांना असंच आवडतं.”

“मशीनची आई नव्हे ती. माझी आहे.”

लॅबवाल्याने त्याची एक प्रत ताईलाही पाठवली होती. संध्याकाळी ताईचा फोन आला. “चांगली तर दिसतेय गं. जरा उजळलीय, एवढंच.”

साठ वर्षांपूर्वी पाहुणे जे बोलत होते, तेच आता आईच्या लेकीने बोलावं! उजेडबाईचा आवाज एकदम बारीक झाला. तिला खरा राग आला की तो बारीकच होतो.

“ताई, उजळली नाही ती. पुसली गेलीय. मी घरीच छापते फोटो.”

“तू? तुला साधं व्हिडिओ कॉलवर तोंड समोर धरता येत नाही. दर वेळी मला तुझं छत दिसतं.”

“मी छापते म्हटलं ना.”

“बरं बाई. रविवारी येतेय मी, येताना फ्रेम आणते. तुझा बरा निघाला तर तुझा, नाहीतर लॅबचा. आईच्या खोलीत खिळा एकच आहे.”

त्या एका खिळ्यावर कोणती आई लागणार, हा आता प्रश्न होता. आणि तो सोमवार होता.

घरात उजेडबाईच्या जावयाने दिलेला कंप्युटर होता आणि त्याचाच जुना रंगीत प्रिंटर, कपड्याखाली झाकून ठेवलेला. फोटोचा चकचकीत कागद आणला. पहिला फोटो निघाला तो हिरवा. शेवाळ चढलेली आई. दुसरी एखादी असती तर तिथेच हात टेकून मोकळी झाली असती. हिने प्रिंटरसोबतचं पुस्तक काढलं आणि पहिल्या पानापासून वाचलं. असली पुस्तकं पहिल्या पानापासून वाचणारी माणसं मी आयुष्यात दोनच पाहिली, दुसरी मी. त्यात लिहिलं होतं, आधी चाचणीचं पान काढा. काढलं, तर निळ्या, पिवळ्या, काळ्या रेघा सरळ आणि गुलाबी रेघ जागोजाग तुटलेली. प्रिंटर वर्षभर पडून होता. शाई सुटायच्या बारीक छिद्रांत गुलाबी शाई वाळून बसली होती. आणि गुलाबी गेली की चेहऱ्यात हिरवा वर येणारच. प्रिंटरला स्वतःची छिद्रं स्वतः धुवायची सोय असते. तिने दोनदा धुवायला लावली. तिसऱ्या पानावर रेघ अखंड आली.

मंगळवारी हिरवा गेला, पण चिखल आला. सगळा चेहरा काळपट, शाई थबथबलेली, बोट लावलं तर बोट जांभळं. कागद चकचकीत घातला होता, पण कंप्युटरला वाटत होतं की साधा आहे. साध्याला लागेल तेवढी शाई तो ओतत होता. कागदाचं नाव बदललं. चिखल गेला.

इथवर सगळं पुस्तकात होतं. खरी गंमत बुधवारी सुरू झाली.

पडद्यावर आई जरा पिवळट दिसत होती. हिने थोडा निळा वाढवला. पडद्यावर अगदी हुबेहूब आई. कागदावर मात्र पाण्यातून काढल्यासारखी निळी. निळा कमी केला, तर पडद्यावर कावीळ झालेली आणि कागदावर बरीशी, पण बरीशीच. अशी नऊ पानं गेली. भिंतीशी नऊ आया ओळीने वाळत टाकलेल्या, एकीचा रंग दुसरीला नाही. तिने जावयाला फोन लावला.

“आई, पडद्यावर बरोबर दिसतंय ना?”

“पडद्यावर दिसतंय. पडदा दाराशी नेता येत नाही, तिथेच तर अडलंय.”

मग जावई ओशाळून म्हणाले, “आई, तो पडदा पिवळट मीच करून ठेवलाय. तुमच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून.”

“म्हणजे डोळे माझे, कंप्युटर माझा आणि उजेड तुमचा?”

पिवळा उजेड बंद झाला. त्याच फोनवर जावयाने आणखी एक गोष्ट शोधून दिली: फोटोचा रंग कंप्युटरही सुधारत होता आणि पुढे प्रिंटरही. एका भाजीत दोघींनी मीठ घालावं तसं. प्रिंटरला सांगितलं, तू काही सुधारू नकोस, दिलंय ते छाप. पडद्याचा झगझगाटही निम्म्यावर आणला. आता तरी जमायला हवं होतं. गुरुवारी सकाळी नवा फोटो घेऊन ती दाराशी गेली, आणि तिला कळेना. एकदा वाटे बरोबर आहे, एकदा वाटे नाही.

चष्मा पुसायला म्हणून तिने तो काढला, एक डोळा चोळला, आणि दुसऱ्या डोळ्याने हातातला फोटो वेगळाच दिसला. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन चार महिन्यांपूर्वी झालं होतं, डाव्याचं व्हायचं होतं. तिने कोरा कागद धरला. उजवा डोळा मिटला: कागद चहात बुडवून काढल्यासारखा. डावा मिटला: पांढरा, जरासा निळाच. एकाच कागदाचे दोन रंग, आणि दोन्ही तिच्याच डोळ्यांतले.

तेव्हा तिने मला फोन केला. आवाज बारीक नव्हता, नुसता रिकामा होता. “चौतीस वर्षं मी लोकांना काय दाखवत होते गं?”

“चौतीस वर्षं तुला मोतीबिंदू नव्हता,” मी म्हटलं. “रडायचं असेल तर लवकर आटप. गुरुवार आहे आज.”

ती रडली नाही. खुर्ची दाराशी ओढून बसली आणि दुकान आठवत राहिली. दुकानात तिने कधी ‘हा लाल आहे’ असं म्हटलंच नव्हतं. ती म्हणायची, ‘हे आणि हे एक आहे.’ कापड आणि दोरा शेजारी शेजारी, एका उजेडात. डोळा खोटं बोलत असेल तर दोघांबद्दल सारखंच बोलेल. पण दोन्ही एक असतील तर कुठल्याही डोळ्याला एकच दिसतील. आईचा रंग काय, हे आता तिच्या डोळ्यांना विचारायचं कारणच नव्हतं. त्याचा नंबर होता.

तासाभरात पुन्हा फोन. या वेळी आवाज बारीकही नव्हता आणि रिकामाही नव्हता. “दुकानात जा आणि शेड कार्ड घेऊन ये. माझी शाई वाळतेय, मला हलता येत नाही.”

दुकान आता जुन्या मालकांची सून चालवते. कार्ड खालच्या खणात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं सापडलं. “दोन दिवसांत आणून द्या हं,” ती म्हणाली. “सासऱ्यांची आठवण आहे.” मी म्हटलं, देते.

शुक्रवारी उजेडबाईने पूर्ण फोटो काढलाच नाही. एकाच कागदावर आईच्या गालाचे नऊ चौकोन छापले, प्रत्येकात रंग केसभर इकडे किंवा तिकडे. शेजारी पेन्सिलीने आकडे, आणि वहीत कुठल्या आकड्याला काय केलं त्याची नोंद. तासभर वाळू दिले, कारण ओल्या शाईवर विश्वास ठेवू नये हे ती मंगळवारीच शिकली होती. मग दाराशी बसून सातशे बेचाळीसचा दोरा एकेका गालावर आडवा धरला. पहिल्यावर काळा उठून दिसला. चौथ्यावर लालसर. सहावा जवळ आला, पण दोरा अजून दिसत होता. सातव्यावर उलट्या बाजूने दिसला. म्हणजे मधे कुठेतरी. शनिवारी तिने सहा आणि सातच्या मधले आणखी नऊ छापले. त्यातल्या तिसऱ्यावर दोरा ठेवला आणि तो नाहीसा झाला. एक डोळा मिटला, दुसरा मिटला. दोन्हींना दोरा दिसेना.

मग तिने पूर्ण फोटो काढला. कपाटातून आईचा स्वेटर आणला आणि त्याची बाही फोटोतल्या बाहीवर ठेवली. फोटो कुठे संपतो आणि लोकर कुठे सुरू होते, ते बोट फिरवल्याशिवाय कळेना.

रविवारी ताई दहाला आली. फ्रेम आणलीच होती, शिवाय तीत लॅबचा फोटो आधीच बसवून. जिंकायला आलेलं माणूस असंच येतं.

“दाखव बाई काय दिवे लावलेस ते.”

“दिव्याखाली नाही. उजेडात बघ,” उजेडबाई म्हणाली आणि दार उघडलं.

ताईने दोन्ही फोटो शेजारी धरले. फ्रेममधली आई छान हसरी, स्वच्छ, कुणाचीही. दुसरी ताईकडे बघत होती. ताईने नकळत पदर खांद्यावर नीट घेतला.

“काय झालं?”

“ही आता मला विचारणार,” ताई म्हणाली, “आल्या आल्या हातपाय धुतलेस का म्हणून.”

फ्रेमची मागची पट्टी ताईनेच उघडली. गुलाबी आईला पाकिटात घातलं आणि खरी आई आत बसवली. खिळ्यावरही तिनेच चढवली, स्टुलावर उभी राहून. धाकटीला हात लावू दिला नाही. उतरल्यावर मागे सरून पाहिलं, डोळे पुसले आणि म्हणाली, “मलाही एक काढून दे. आणि माझाही एक काढ एकटीचा. फक्त मला जरा उजळ कर.”

“जमणार नाही. तुझाही नंबर बघावा लागेल.”

दोघी इतक्या हसल्या की खालच्या मजल्यावरच्या बाई काय झालं म्हणून बघायला आल्या. त्यांनीही फोटो पाहिला. पुढच्या महिनाभरात त्या इमारतीतली सात म्हातारी माणसं आपापल्या रंगात भिंतींवर लागली. लॅबवाला स्वतः येऊन वही बघून गेला.

आता तुला, उजेडबाई. काम झाल्यावर तू माझ्या हाती दिलेलं कार्ड अजून माझ्याकडेच आहे. दोन दिवसांचे चौदा महिने झाले. मालकीणबाईंनी दोनदा विचारलं, दोन्हीदा मी ‘उद्या’ म्हटलं. परत द्यायला दोघी मिळून जाऊ असं ठरलं होतं, मंगळवारी. कुठल्या मंगळवारी ते ठरलं नव्हतं. परवा मी एकटीच निघाले, पिशवीत घालण्याआधी घडी उघडून पाहिली. सातशे बेचाळीसच्या जागी नुसता नंबर आहे. दोरा कात्रीने नीट कापून नेलेला. आईच्या फ्रेममागे तू कागदाची एक पट्टी चिकटवलीयस, ती मी पाहिली होती; तिच्याखाली काय आहे ते मला तेव्हा कळलं. मी घडी मिटली आणि कार्ड परत कपाटात ठेवून दिलं.