चेंबरच्या बोल्टवरची पिवळी रेघ

अकरा नोव्हेंबर, मंगळवार. गॅरेजवर जगणारे जीव नऊ: मालकीणबाई, दोन मिस्त्री, त्यांच्या दोन बायका आणि चार मुले.

दोघे मिस्त्री एकमेकांचे साडू. थोरल्याच्या घरात थोरली बहीण, धाकट्याच्या घरात धाकटी. म्हणून गॅरेजातही तीच नावे पडली. धाकट्याला या धंद्यात थोरल्यानेच आणले. पाना कसा धरावा इथपासून त्याला शिकवले, आणि शिकवलेले सगळे त्या गड्याने इतक्या सहज उचलले की सातव्या वर्षी गिऱ्हाइके फाटकातूनच विचारू लागली, "धाकटे आहेत का?" थोरल्याला या प्रश्नाची कधी सवय झाली नाही. परक्याच्या भरभराटीने माणूस फार तर हळहळतो. पण ज्याला आपण हाताला धरून उभे केले, जो आपल्याच सासूचा जावई आहे, ज्याचा पगार आणि ज्याची खोली आपल्याइतकीच आहे, त्याचे कौतुक कानावर आले की पळवाट राहत नाही. बाकी सारे सारखे. मग जो फरक उरतो तो आपल्यातच असला पाहिजे. थोरल्याने हे असे शब्दांत कधी मांडले नव्हते. आपल्या पोटात दुखते, एवढेच त्याला कळत होते.

त्या आठवड्यात दुखणे वाढायला कारणही होते. मालकीणबाईंचे गुडघे त्यांना दिवसभर उभे राहू देईनात. शनिवारी दोघांपैकी एकाला मुख्य मिस्त्री करते, असे त्यांनी सांगितले होते. गाडी फाटकाबाहेर सोडायची की नाही, हा शब्द यापुढे त्याचा.

"तुम्हालाच मिळेल ना?" बायकोने सकाळी विचारले.

"का, शंका आहे?"

"शंका नाही हो. आई आपली म्हणत होती, धाकट्या जावयाच्या हाताला गुण आहे."

"मग आईंना सांग, दुसरी मुलगीही त्यालाच द्या."

"आता दुसरी उरली कुठे? मी तुमच्या गळ्यात पडले ना," असे म्हणून ती हसत आत गेली. त्याला हसू आले नाही.

दहाच्या सुमारास मालट्रक आला. ड्रायव्हर ओळखीचा होता. इंजिनाखालच्या चेंबरमधून तेल ठिबकते, असे त्याने सांगितले, आणि तेल बदलायची वेळही झालीच होती. धाकटा पाठीवर सरकत खाली गेला. चेंबरच्या बुडाचा बोल्ट काढला की जुने तेल खाली येते. पाच मिनिटांचे काम. पाना लावून त्याने बोल्ट फिरवला, पुन्हा फिरवला.

"साडूभाऊ, जरा खाली या. हा नुसता फिरतोय. ना बाहेर येतोय, ना आवळला जातोय. आटे गेलेत."

"बोल्टचे की तुमचे?" ड्रायव्हरने बाहेरून विचारले.

"माझे केव्हाच गेले. घरी विचारा."

थोरला दिवा घेऊन खाली शिरला. ट्रक त्याने फाटकातच ओळखला होता. चार महिन्यांपूर्वी हाच ट्रक आला होता. "धाकटे मोकळे नाहीत का आज?" असे विचारून ड्रायव्हर चहाला निघून गेला, आणि थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पान्याच्या दांड्यात हातभर पाइप अडकवून त्याने तो बोल्ट सगळा राग काढून आवळला. शेवटच्या ओढीला बोल्ट एकाएकी मऊ लागला. आतले आटे तुटले, हा त्या मऊपणाचा अर्थ त्याला कळला होता. तरी मूग गिळून त्याने गाडी जाऊ दिली.

या गॅरेजात वही नव्हती. ज्याने बोल्ट आवळला त्याने बोल्टच्या माथ्यावरून चेंबरपर्यंत रंगाची रेघ ओढायची, हीच सही. थोरल्याचा रंग पिवळा, धाकट्याचा पांढरा. धाकटा रेघ ओढायला हमखास विसरे आणि त्यावरून बोलणी खाई.

"चिखल पुसून रंग कोणाचा आहे बघा ना," धाकटा म्हणाला. तो पलीकडच्या अंगाला पडला होता. मधल्या दांड्यामुळे त्याला बोल्टचा माथा दिसत नव्हता.

थोरल्याने रॉकेलच्या बोळ्याने चिखल पुसला. रेघ होती. पिवळी, ठळक, नीट ओढलेली. बोळा त्याच्या हातातच होता. तो त्याने आणखी चार वेळा फिरवला.

"रंग नाही."

"मग माझाच," धाकटा लगेच म्हणाला. "विसरलो असणार. चला, आता काढू तरी."

बोल्टच्या माथ्यामागे थोरल्याने चपटी पट्टी घालून खाली दाब दिला आणि धाकट्याने पाना फिरवला. घसरत, अडत बोल्ट निघाला. त्याच्याबरोबर आट्यांची तार वेटोळ्यासारखी सुटून आली. तेल वाहून गेल्यावर धाकट्याने भोकात एक माप मोठे आटे पाडायला घेतले. कीस आत पडू नये म्हणून हत्याराला ग्रीस फासले. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. ही लय थोरल्याचीच होती. ती दुसऱ्याच्या मनगटात आपल्यापेक्षा सफाईने चाललेली तो पाहत राहिला, आणि शरमेच्या जागी त्याला पुन्हा हेवाच वाटला.

दुपारी मालकीणबाई काठी टेकत आल्या. "कोणी आवळला होता?"

"मी, बाई. रंग नव्हता, म्हणजे माझाच."

"चार महिने ठिबकत होतं. भर घाटात इंजिन बसलं असतं म्हणजे?"

"चुकलंच, बाई."

त्यांनी थोरल्याकडे पाहिले. तो पाने पुसत होता, आणि पुसतच राहिला.

शनिवारी थोरला मुख्य मिस्त्री झाला. घरी बायकोने शेजारणींना दोनदा सांगितले. मग जेवताना म्हणाली, "बहीण भेटली होती. तिला वाईट वाटलं नाही हो. धाकटे तिला म्हणाले, हे आधीच व्हायला हवं होतं, मला पाना धरायला कोणी शिकवलं?"

थोरल्याचा घास हातातच राहिला. चूक अंगावर घेणेसुद्धा त्या माणसाला इतके सोपे जावे, आणि आपल्याला जी आपलीच होती ती उचलता येऊ नये. जागा मिळाली, मत्सर होता तिथेच राहिला, उलट त्याला आता नवे खाद्य मिळाले. सोमवारी एक ड्रायव्हर फाटकातून ओरडला, "धाकटे आहेत का?" मुख्य मिस्त्रीने त्याला आत पाठवले.

धाकट्याला थोरल्याकडून एक वाक्य येणे आहे: तो बोल्ट मी आवळला होता. ते अजून दिलेले नाही.